कॉमर्सला सहल नसती

आमच्या सेनगावच्या कॉलेजात पोरी कॉमर्स काहून घेतात, माहीत हाय का तुमाला? व्यापाराची लई आवड हाय म्हून? कशाची आवड अन् कशाचं काय! कॉमर्सला सहल नसती म्हून. भूगोलाला असती. भूगोल घेतला की पोरीला बाहेर जावं लागतं, रानात, बाजारात, डोंगरावर, अन् दुसऱ्या वर्षी तर मुक्कामाला. पोरगी मुक्कामाला म्हणलं की बाप लोकांच्या पोटात गोळा येतो. यात हिंदू-मुसलमान काय बी न्हाई बरं. समोरच्या गंगूताईची नात बी कॉमर्सलाच, अन् आमच्या गल्लीतली अफरोज बी कॉमर्सलाच. बाप सगळे एकाच मातीचे.

मी फातिमाबी. बांगड्या भरते. सासर डोंगरकडा गावचं, पण नवरा लवकर अल्लाला प्यारा झाला अन् मी सेनगावला भावाच्या घरी आले, ती इथलीच झाले. घरात आमची बोली दखनी, पण गावोगावच्या बायकांच्या हातात बांगड्या चढवता चढवता माझा जन्म मराठीत गेला. तोंड माझं तिखट हाय, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय. पोटी लेकरू न्हाई. भाऊ लतीफ, त्याचं स्टँडाजवळ कापडाचं दुकान हाय, अन् त्याची एकुलती एक पोरगी नाहिद. तिला तिच्या आईनं जन्म दिला, एवढंच. वाढली ती माझ्या मांडीवर. मी तिची फूफी, म्हंजे तुमच्यात आत्या म्हणतात ती.

कॉलेज तसं लहानच. पाटीवर 'सामुदायिक महाविद्यालय' असं भलं मोठं नाव लिहिलंय, पण आमी नुसतं कॉलेज म्हणतो. बारावी झालेल्या पोरापोरींना दोन वर्षांचा डिप्लोमा. विषय दोन, कॉमर्स न्हाईतर भूगोल. कॉमर्सवाल्यांना दुकानदारी, माल, गिऱ्हाईक असलं शिकवतात. भूगोलवाल्यांना जमिनीची मोजणी अन् कॉम्प्युटरवर नकाशे. भूगोल नीट झाला तर पुढं नांदेडला डिग्रीला जाता येतं, मोजणीच्या नोकऱ्या हायेत, असं सगळे म्हणत व्हते. नाहिदला तेच करायचं व्हतं. लहानपणी सुट्टीत ती माझ्या संगं गावोगाव यायची. मी ओट्यावर बांगड्या भरत बसले की ही खाली काडी घेऊन मातीत वाटा काढायची, ही साखऱ्याची, ही आपली, इथं वढा, इथं लिंबाचं झाड. हातच्या काकणाला आरसा कशाला पायजे? पोरीला काय आवडतं, ते डोळ्यानं दिसत व्हतं.

लतीफला बी दिसत व्हतं. पण बाप ना तो.

"आपा, भूगोलाला मुक्कामाची सहल असती म्हणं," तो म्हणला. "कॉमर्स घे म्हण तिला. दुकान हायच आपलं."

"दुकान तुझं हाय. डोकं तिचं हाय."

"तुझं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! उद्या कमीजास्त झालं तर लोकं मला इचारतील."

"लोकांच्या तोंडात माती घाल. मी जाते तिच्या संगं. जिथं पोरगी तिथं मी. मंग तर झालं?"

लतीफनं दाढी खाजवली. मंग म्हणला, "बराबर. तू असशील तर जाईल. तू नसशील तर न्हाई."

नाहिदनं माझ्या गळ्यात हात टाकले अन् मला असं गरागरा फिरवलं की माझी ओढणी खाली पडली. त्या दिवशी मला वाटलं, फातिमा, जन्माला येऊन एक तरी काम केलंस तू.

भूगोलाचे गडदे सर डोकं धरून बसले. भला माणूस, पण इचार फार करतो. म्हणले, "विद्यार्थिनीसोबत आत्या, असं काही नियमात नाही."

"नियमात न्हाई, म्हंजे मनाई बी न्हाई," म्या म्हणलं. सर हसले. दोन महिन्यात सगळं कॉलेज मला फूफी म्हणायला लागलं. शिपाई बी, सर बी.

पहिल्यांदा मैदानात मोजणी शिकवली. तीन पायांच्या घोडीवर पाट, पाटावर कागद, अन् एका पट्टीतून डोळा लावून लांबचं झाड बघायचं, मंग कागदावर रेघ मारायची. ऊन मरणाचं. मी आपली नाहिदच्या डोक्यावर छत्री धरून उभी.

सर म्हणले, "फूफी, छत्री बाजूला घ्या. तिला झाड दिसत नाही."

"झाड काय पळून चाललंय व्हय? पोरगी करपली तर पुढं कोण करील तिला?"

सगळी पोरं खदाखदा हसली. नाहिद बी हसली, जरा कमी हसली. म्या छत्री बाजूला घेतली, पण ऊन वाढलं की पुन्हा धरली. माझं लेकरू हाय ते, मी काहून धरू नये?

मंग साखऱ्याच्या बाजाराला गेलो. पोरांना काम दिलं व्हतं की एकेका इकणाऱ्याला इचारायचं, बाबा तुमी कोणत्या गावाहून आले, कशात बसून आले, हा बाजार काहून धरला, दुसरा काहून न्हाई. त्यावरून म्हणं नकाशा करायचा, कोणता बाजार कुठवर पोचतो त्याचा. आता तो बाजार म्हंजे माझं अंगण. अर्ध्या बायांचे हात माझ्या हातातून गेलेले. तांड्यावरचा म्हातारा देवला मिरची घेऊन बसला व्हता. नाहिदनं पेन उघडला अन् लई अदबीनं इचारलं, "बाबा, तुमचं गाव कोणतं?"

देवला तोंड उघडायच्या आत म्या सांगितलं. गाव सांगितलं, तांडा सांगितला, त्याच्या तीन सुना कुठल्या ते बी सांगितलं. देवला खुश. मला म्हणला, "फातिमाबी, बस की, च्या घे." तो माझ्याशीच बोलत राहिला. पुढच्या कांदेवालीपाशी तेच, त्याच्या पुढच्या गूळवाल्यापाशी तेच. नाहिद पेन धरून माझ्या मागं उभी.

सर आले. "फूफी, त्यांना बोलू द्या. अन् विचारायचं काम तिला करू द्या."

मला असा राग आला! "सर, लोकं बोलून राहिले ते माझी ओळख हाय म्हून. न्हाईतर तुमच्या कागदाला इथं कोण इचारतंय?"

सर गेले पुढं. परत येताना जीपमधी पोरं नाहिदला 'फूफीवाली' म्हणायला लागली. ए फूफीवाली, पाणी दे. ए फूफीवाली, सरक तिकडं. मला वाटलं, लाडानं म्हणतात. माझ्या नावानं पोरगी ओळखतात म्हून छाती फुगली माझी. घरी आल्यावर भावजयीला मी ते दोनदा सांगितलं.

अन् मंग लोणार. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं व्हतं. म्या पहाटं उठून धपाटे केले, ठेचा केला, सगळ्या वर्गाला पुरेल एवढं बांधून घेतलं. गाडीत मी नाहिदच्या शेजारी खिडकीला बसले, अन् तिच्या मैत्रिणीला, प्रियंकाला, मागं धाडलं. रिसोडापतोर रस्ता माझ्या पायाखालचा. रिसोड सुटलं, अन् मला एकदम कळलं की इथून पुढं मी कवाच आले न्हाई. साठी उलटली माझी. एवढी फिरले, पण कुणाचं लगीन हाय, कुणाचं बारसं हाय, बांगड्या भरायच्या हायेत म्हून फिरले. बघायला म्हून घराबाहेर पाय टाकलाच न्हाई कवा.

गाडी थांबली, आमी कडेला जाऊन उभं राहिलो, अन् खाली ते तळं. चहूकडून उतार, उतारावर झाडी, अन् मधी हिरवं गार, गोल. सर सांगत व्हते की लाखो वर्षांखाली वरून धोंडा पडला अन् एवढा खड्डा झाला. या अल्ला! मला रडूच आलं. पोरं फोटो काढत व्हती अन् मी ओढणी तोंडाला लावून रडत व्हते. नाहिदनं माझे डोळे पुसले. म्या म्हणलं, "तुझ्यामुळं, बाई, तुझ्यामुळं. न्हाईतर तुझी फूफी हे न बघताच कबरीत गेली असती."

खाली उतरायची वाट हाय. अर्ध्यावर माझे गुडघे बोलायला लागले. मी एका दगडावर बसले, नाहिद बी बसली. बाकीचे खाली पाण्यापाशी गेले. तिथं पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा व्हता, खाली जाऊन माती बघायची व्हती. म्या म्हणलं, "जा तू, मी बसते हितं."

"राहू द्या फूफी. अब्बूला कबूल केलंय ना आपण."

"शाणी गं माझी," म्या म्हणलं, अन् तिला धपाटा दिला. तिनं तो हातात धरला अन् खाली बघत बसली. खालून पोरांचे आवाज येत व्हते. प्रियंका वर आल्यावर तिनं रंग बदललेली पट्टी नाहिदला दावली. नाहिदनं ती उलटून पालटून बघितली अन् परत दिली. मला त्यात काही वाटलं न्हाई. पट्टीच तर बघायची व्हती, बघितली.

पहिलं वर्ष झालं. नाहिद वर्गात पहिली आली. गडदे सर दुकानात येऊन लतीफला म्हणले, "या पोरीचा हात फार चांगला आहे. हिला नांदेडला पाठवा." लतीफनं सरांना जबरदस्तीनं च्या पाजला. दुसऱ्या वर्षी नाहिदनं भूगोलच धरला, अन् पहिल्याच आठवड्यात सहल कळली. दिवाळीनंतर, रत्नागिरीकडं, समुद्र! कॉमर्सच्या अपर्णा मॅडम पोरींच्या संगं जाणार व्हत्या, कारण भूगोलाला बाईमाणूस कुणी न्हाई.

समुद्र म्हणल्यावर माझं डोकं ठिकाणावर राहिलं न्हाई. आता खोटं कशाला बोलू? ज्या घरात बांगड्या भरायला जाईन तिथं सांगायची, आवंदा आमची समुद्राची सहल हाय. आमची म्हणायची, ऐकताय ना? गंगूताईनं सांगितलं की वाळूत चप्पल टिकत न्हाई, म्हून म्या कापडी बूट आणले. मोतीचुराचे लाडू न्यायचे का बुंदीचे, त्यावर भावजयीशी भांडले. रोज संध्याकाळी नाहिदला इचारायची, "समुद्र रात्री बी आवाज करतो का गं? माणसाला झोप कशी लागत असंल?" ती मोबाईलवर लाटा दावायची. मधी दोन दिवस पोरगी लई खुशीत व्हती, भाकरी थापताना गुणगुणत व्हती. मला वाटलं, समुद्राचीच खुशी. त्यानंतर जी गप झाली ती झालीच. मला वाटलं, अभ्यासाचा ताण असंल.

ऑगस्ट सरता सरता एक दिवस ती कॉलेजातून आली अन् तिच्या हातात दुसरीच पुस्तकं. कव्हरवर दुकानाचं चित्र.

"हे काय गं?"

"कॉमर्स घेतलं फूफी. विषय बदलायची आज शेवटची तारीख व्हती."

मला आधी वाटलं चेष्टा करून राहिली. "अन् भूगोल?"

"सोडला."

"काहून?"

"बरं हाय कॉमर्स. दुकान हायच आपलं." एवढं बोलून ती आत गेली अन् पीठ मळायला बसली. पहिल्या वर्षाचे कॉमर्सचे पेपर आता तिला नव्यानं द्यावे लागणार व्हते. पहिली आलेली पोरगी!

'दुकान हायच आपलं.' हे बोल कुणाचे, हे मला सांगायची गरज नव्हती. डोक्यात अशी आग गेली! तशीच उठले, पायात चप्पल हाय का न्हाई ते बी बघितलं न्हाई, अन् स्टँडाजवळ लतीफच्या दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाईक व्हतं, एक बाई पोलक्याचं कापड बघत व्हती. असू दे!

"मुडद्या," म्या म्हणलं, "पोरीचा गळा घोटलास ना शेवटी? भर वर्षात विषय सोडायला लावलास! तुला कबूल केलं व्हतं ना म्या, जिथं पोरगी तिथं मी? मी मेले व्हते का? अजून मेले न्हाई मी!"

ती बाई कापड ठेवून निघून गेली. लतीफ कात्री हातात धरून नुसता बघत राहिला. मंग त्यानं कात्री खाली ठेवली, मला आत नेलं, कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं, पाणी दिलं. मी पाण्याचा गिलास बाजूला सारला. 

"आपा, तिनं भूगोल सोडला?" त्यानं इचारलं.

"आव आणू नको."

"तुझी कसम, मला ठाऊक न्हाई. मी तर तिला म्हणलं व्हतं, जा."

"काय म्हणला व्हता?"

लतीफ माझ्या तोंडाकडं बघेना. गठ्ठ्याचा दोरा ओढत बोलायला लागला. "आपा, मॅडम दुकानात आल्या व्हत्या. म्हणल्या, मी हाय पोरींच्या संगं, काळजी करू नका. मी इचार केला, वर्षभरात पोरीनं एक डाव मान खाली जाईल असं केलं न्हाई. अन् तुझे गुडघे. म्या नाहिदला सांगितलं, तू एकटी जा, आपाला कशाला तकलीफ. आपा, पोरगी दोन दिवस जमिनीवर नव्हती. मंग माझ्यापाशी येऊन रडली. म्हणली, अब्बू, फूफीला मागं ठेवून गेले तर माझा पाय निघणार न्हाई, अन् फूफीला घेऊन गेले तर मला काही बघायलाच मिळणार न्हाई."

बाजूला सारलेला गिलास म्या उचलला अन् घोटभर पाणी प्यायले.

"म्या म्हणलं, मी सांगतो आपाला. तर तिनं मला कसम घातली. फूफीला एक शब्द बोलू नका, म्हणली, फूफीनं बूट आणलेत. मला वाटलं, हळूहळू समजुतीनं काढील ती काहीतरी वाट. विषयच सोडील, हे माझ्या सपनात बी नव्हतं."

बाहेर एसटी लागली व्हती, कंडक्टर हिंगोली हिंगोली ओरडत व्हता. मला आधी लतीफचाच राग आला, की मेल्या, कसम कशाला पाळलीस? असल्या कसमा मोडायच्याच असतात. मंग नाहिदचा आला. मंग कुणाचाच येईना, अन् ते लई वाईट. राग असला की माणसाला काही करायला तरी असतं.

बैल गेला अन् झोपा केला म्हणतात ना, तशी मी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात गेले. गडदे सर नकाशे गुंडाळत व्हते.

"सर, पोरीचं नाव परत भूगोलात घाला. ती एकटी येईल सहलीला. मी येणार न्हाई. बापाची परवानगी हाय. म्हणाल तर बापाला उभा करते."

सर खुर्चीवर बसले. "फूफी, तारीख गेली. नावं वर विद्यापीठात गेली. काल तिला मी तासभर विचारलं. काहीच बोलली नाही. नुसती रडत होती अन् अर्ज पुढं सरकवत होती. मी म्हटलं, घरून आलाय का आग्रह? तर म्हणाली, नाही सर, घरून कुणी काही म्हणत नाही."

"काही तरी करा सर. तुमच्या पाया पडते."

"अहो, असं काय करता! मी सकाळपासून फोनच करतोय. नाही होत." मंग मला बरं वाटावं म्हून, अगदी चांगल्या मनानं, ते म्हणले, "पण तुम्ही या की सहलीला. तिची जागा रिकामीच आहे. पोरं विचारतात, फूफी येणार ना?"

मुडदा बशिवला त्या समुद्राचा! मी उठले. कॉलेजच्या फाटकापाशी आले अन् तिथंच शिपायाच्या स्टुलावर बसले. वर्षभर मी या फाटकातून कशी यायची! छत्री घेऊन, डबा घेऊन, जणू ॲडमिशन माझंच. म्या दार उघडलं पोरीसाठी, हे खरं. पण उघडून मीच दारात उभी राहिले, अन् तिला जायला जागाच ठेवली न्हाई. कुणी मला सांगितलं न्हाई म्हणावं, तर सर दोनदा बोलले. म्या त्यांनाच उलटं झापलं.

संध्याकाळी नाहिद गच्चीवर कपडे काढायला गेली, तवा मी गुडघे धरत तिच्या मागं वर गेले. ती माझ्याकडं बघून समजली की मला कळलंय. लतीफच्या तोंडावर काही लपत न्हाई, अन् माझ्या बी न्हाई.

"एक शब्द बोलली असतीस," म्या म्हणलं. "फूफी, तुमी येऊ नका. एवढंच. मी काय काचेची हाय का, फुटले असते?"

नाहिद कपड्यांच्या घड्या करत राहिली.

"बोल की! आता काहून गप? मी एवढं सगळ्यांशी भांडते, तू एकदा तर माझ्याशी भांडायचं व्हतं."

"तुमी लई खुश व्हत्या फूफी."

"आग लाव माझ्या खुशीला! माझं वय झालं, मला काय करायचाय समुद्र? तुझं अख्खं शिक्षण गेलं. इतकी कशी गं येडी तू? न्यायचं व्हतं मला अन् गप बसवायचं व्हतं एका जागी. नेलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

तिनं शेवटची घडी केली. लई हळू बोलली, रागानं न्हाई, मला वाईट वाटू नये म्हून जपून बोलली.

"वर्षभर नेलं की, फूफी."

बस्स. एवढंच. तिनं कपड्यांचा गठ्ठा एका हातावर घेतला अन् दुसरा हात माझ्यापुढं केला, जिना उतरायला. मला तो हात धरायचा नव्हता. पण जिना अंधारा, गुडघे असले. धरला.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कॉमर्सवाल्यांना अपर्णा मॅडमनी काम दिलं. ज्यानं त्यानं आपापलं हिंगोलीला जायचं, बाजारपेठेत दुकानदारांशी बोलायचं, अन् संध्याकाळपतोर परत यायचं. लतीफनं इचारलं बी न्हाई कुणी संगं हाय का म्हून. नुसतं म्हणला, "जीप बघून बस, पुढं बसू नको." नाहिदनं दप्तर घेतलं. सवयीनं मी उठले, एका पायात चप्पल घातली, अन् मंग ध्यानात आलं. चप्पल तशीच काढून ठेवली. नाहिदनं बघितलं. "येते फूफी," म्हणली अन् निघाली.

मी दारात उभी राहिले. समोर गंगूताई ओट्यावर तूर निवडत बसल्या व्हत्या.

"काय फूफी, आज तुमी न्हाई?"

"न्हाई," म्या म्हणलं, "आज कॉमर्स हाय."

नाहिद गल्लीतून चालली व्हती. आधी जरा हळू, सवयीनं. कोपऱ्यापाशी ती थांबली, दप्तर खांद्यावर नीट केलं, अन् मंग अशी झपाझप चालायला लागली की मी बघतच राहिले. माझ्या संगं ती अशी कवाच चालली नव्हती. वीस वर्षं झाली तिला सांभाळून, पण माझी पोरगी एवढी भराभर चालती, हे मला ठाऊकच नव्हतं. डोंगर चढून उतरून आली असती ती अशा चालीनं. अन् चालली कुठं, तर स्टँडावर. हिंगोलीच्या दुकानदाराला इचारायला, की तुमी माल कुठून आणता.